मागचे पाच

खिडकी बोलून गेली ते अगदी सहज. सराव संपला होता, गाडीत चिखलाच्या बुटांचा वास कोंडला होता आणि तिला कोपऱ्यावर सोडायचं म्हणून त्याने गाडी हळू केली होती. खिडकी म्हणजे त्याच्या संघाची गोलकीपर. पहिल्या वर्षी तिच्या हातांतून, पायांतून, कुठूनही बॉल आरपार जायचा म्हणून मुलींनी ठेवलेलं हे नाव. आता ती बऱ्यापैकी अडवते, पण नाव काही सुटलं नाही. दार उघडता उघडता ती म्हणाली, "सर, एक विचारू? आपण मागे पाच जणी ठेवतो ते धाकटीसाठीच ना?" विचारण्यात खोच अशी नव्हती. उद्या सराव किती वाजता, असं विचारावं तसं विचारलं. तो "म्हणजे काय?" म्हणेपर्यंत ती "बाय सर" करून उतरलीसुद्धा. धाकटी, म्हणजे त्याची मुलगी, मागच्या सीटवर बसून बुटाची नाडी सोडत होती. तिने मान वर केली नाही. "काहीही काय बोलते ही!" असं म्हणाली नाही, हसलीही नाही. नाडीची गाठ ओली होऊन घट्ट बसली होती, ती नखाने सोडवत राहिली. हे सगळं त्याला आरशात दिसलं. खिडकीच्या प्रश्नाने त्याला राग आला असता, वाईट वाटलं असतं, पण तेवढ्यावर भागलं असतं. धाकटीला त्या प्रश्नात काहीच नवीन वाटलं नाही, हे मात्र त्याला लागलं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर बसला तो हाच भुंगा डोक्यात घेऊन. त्याचं काम कवळ्या बनवायचं. दातांचे डॉक्टर माणसाच्या जबड्याचा साचा घेऊन पाठवायचे, आणि हा मागच्या खोलीत प्लास्टरच्या भुकटीत बसून त्या साच्यावर मेण चढवायचा, मेणात एकेक दात रोवायचा, वरचा जबडा खालच्यावर मिटून बघायचा, पुन्हा उघडायचा. मुली त्याला समोर 'सर' आणि पाठीमागे 'कवळी सर' म्हणायच्या, हे त्याला ठाऊक होतं. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. उलट एकदा एका मुलीच्या तोंडून चुकून समोरच निघालं तेव्हा तोच सगळ्यांत जास्त हसला होता. त्याच्या टेबलावर एका डब्यात उरलेसुरले दात असायचे. कुठल्या ना कुठल्या संचातले, रंग न जुळलेले, एकटे पडलेले. मॅचच्या आदल्या दिवशी प्लास्टरची एक सपाट लादी पुढ्यात घेऊन तो त्यावर संघ मांडायचा. मागे दाढा, मधे सुळे, पुढे समोरचे दात. गोलकीपरला अक्कलदाढ. हा त्याचा जुना विनोद होता आणि तो त्याने कुणाला सांगितला नव्हता.

आज लादीवर दाढा मांडताना हात थबकला. मागे पाच, मधे चार, पुढे एक. गेली दोन वर्षं हीच मांडणी. पाचांतली मधली दाढ धाकटी. तिच्या उजवीकडे लांबुडकी, जिच्या डोक्यावरून बॉल न्यायला तिच्या वयाच्या कुठल्याच मुलीला जमत नव्हतं, आणि डावीकडे जुळ्यांपैकी थोरली, जी धावायला लागली की थांबायचं विसरायची. दोन्ही टोकांना आणखी दोघी. म्हणजे धाकटीपाशी बॉल पोचायचा तर आधी कुणीतरी चुकायला हवं, मग तिच्या शेजारची चुकायला हवी, आणि तरी पोचलाच तर खिडकी होतीच. त्याने मधली दाढ बोटाने उचलली. लादीवर फट पडली, पण फार काही बिघडलेलं दिसेना. याचं त्याला फारच वाईट वाटलं. त्याने ती दाढ घाईने परत ठेवली, कुणी पाहिलं तर नाही ना अशा थाटात.

पालकांना मात्र त्याने वेगळंच सांगितलं होतं. पहिल्या वर्षीच्या सभेत उभं राहून तो म्हणाला होता, मुली कोवळ्या आहेत, सात-सात गोल अंगावर आले तर खेळाचीच धास्ती घेतील, आधी मागची बाजू भक्कम करू, मग पुढचं बघू. पालकांनी माना डोलावल्या होत्या. एका मुलीचे आजोबा तर सभा संपल्यावर हात मिळवून गेले. आणि तसं ते खोटंही नव्हतं. सात गोल खरंच कधी झाले नाहीत. पण 'मग पुढचं बघू' हे बघायचं राहूनच गेलं. संघ हरेना आणि जिंकेना. शून्य-शून्य, एक-एक, पुन्हा शून्य-शून्य. मैदानावरच्या लोकांनी त्यांचं नाव 'बरोबरीवाले' पाडलं. पुढे एकटी खेळणारी भिंगरी, संघातली सगळ्यांत चपळ पोरगी, अख्खी मॅच दोन-तीनदा बॉलला पाय लावायची आणि उरलेला वेळ कमरेवर हात ठेवून मागे बघत उभी राहायची. आता बरोबऱ्यांचं पाप भरलं होतं. उद्याची शेवटची मॅच जिंकली तरच वरच्या गटात टिकणार होते. बरोबरी झाली तरी खाली. आणि खाली गेले की भिंगरीला, लांबुडकीला दुसरे संघ उचलून नेणार, हे काही त्याला कुणी सांगायला नको होतं.

पॉलिशवाली बाई तयार कवळ्यांचा ट्रे घेऊन आत आली. ती या कामात त्याच्याही आधीपासून होती. फुटबॉलशी तिचं काही देणंघेणं नव्हतं, पण लादी दिसली की ती वाकून बघायची. "आज काय, जेवढ्या दाढा तेवढ्या एकाच तोंडात?" ती म्हणाली.

"उद्या जिंकायचंय."

"मग पुढचे दात वाढवा की. एवढ्या दाढा घेऊन माणूस चावणार कसा?" आणि आपल्याच बोलण्यावर खूश होऊन ती निघून गेली.

पुढचे वाढवायचे म्हणजे मागची एक काढायची. एवढं साधं गणित. मागे चार, मधे तीन, पुढे तीन. भिंगरीच्या दोन्ही बाजूंना एकेक. आणि मागच्या चारांत मधे दोघी: लांबुडकी आणि थोरली जुळी. त्याने मांडून पाहिलं. सुंदर दिसत होतं. कुठलाही प्रशिक्षक, ज्याची मुलगी या संघात नाही असा कुठलाही माणूस, हेच करेल आणि घरी जाऊन जेवेल. धाकटी बाकावर. हातात उचललेली दाढ त्याने लादीच्या कडेला ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिला. धाकटी बाकावर बसली तर रुसणार नाही. पाण्याच्या बाटल्या भरेल, कुणाला लागलं तर थंड फवारा घेऊन धावेल, टाळ्या वाजवेल. ती अशीच होती, निदान त्याला तरी ती तशीच माहीत होती. आणि मग तिची आई विचारेल कशी झाली मॅच, तर "छान" म्हणेल. तो उठून पाणी पिऊन आला.

त्याचं त्यालाच आठवलं मग. शाळेत असताना खेळाच्या मास्तरांनी त्याला उजव्या बाजूला, अगदी कडेला, कुंपणाच्या भिंतीजवळ उभं केलं होतं. "तू इथे उभा राहा. इकडे बॉल येत नाही." मास्तर काही दुष्ट नव्हते, अकरा पोरं भरायची होती आणि हा अकरावा होता. संपूर्ण दुपार तो भिंतीच्या सावलीत उभा होता. भिंतीला हिरवं शेवाळ होतं, त्यावर मुंग्यांची ओळ होती. लांब कुठेतरी पोरं ओरडत होती, धुरळा उडत होता, बॉल कधी या बाजूला वळलाच तर त्याच्या छातीत धडधडायचं आणि बॉल पुन्हा दूर गेला की सुटल्यासारखं वाटायचं. तो सुखी होता. खोटं कशाला बोला, त्या दुपारइतका सुखी तो शाळेत फार कमी वेळा होता. वडील बघायला आले होते. परत जाताना सायकलच्या दांडीवर त्याला बसवून ते म्हणाले, "छान उभा होतास." त्याला ते कौतुकच वाटलं होतं. ते कौतुक नव्हतं हे कळायला त्याला स्वतः बाप व्हावं लागलं. आणि तेही, आता लादीकडे बघताना त्याच्या लक्षात आलं, पुरतं कळलेलं नव्हतं. कळलं असतं तर त्याने इतक्या मेहनतीने, दोन्ही बाजूंना दोन-दोन पोरी लावून, धाकटीसाठी तीच भिंतीची सावली उभी केली नसती.

कारण होतं, नव्हतं असं नाही. पहिल्याच वर्षी, अगदी सुरुवातीच्या एका मॅचमध्ये, समोरून आलेला बॉल अडवायला धाकटी धावली आणि तो तिच्या पायाला लागून खिडकीच्या बाजूने स्वतःच्याच गोलात गेला. त्यात काय, होतं असं. पण धाकटीने शर्ट वर ओढून तोंड झाकलं आणि ती तशीच उभी राहिली. पोट उघडं पडलं होतं. बारीक, पांढरं पोट. कडेला उभ्या असलेल्या आयांनी सगळ्यांनी मिळून "अरेरे" असा आवाज काढला. त्यात दया होती, दुसरं काही नव्हतं. पण तो आवाज त्याच्या कानात जाऊन बसला तो बसलाच. पुढच्या मॅचला त्याने मागे पाच लावल्या. धाकटी त्या दिवशी घरी गेल्यावर काय म्हणाली, तिने काही म्हटलं की नाही, हे त्याला आठवेना. त्याने खूप ताणून पाहिलं. तिचं पोट आठवत होतं, आयांचा आवाज आठवत होता, स्वतःचे गार पडलेले हात आठवत होते. ती आठवत नव्हती.

त्याने बायकोला फोन लावला. ती औषधांच्या दुकानात होती, मागे कुणीतरी खोकत होतं.

"मी धाकटीला पाठीशी घालतो का गं? संघात?"

"आज कळलं?" ती म्हणाली. मग गिऱ्हाइकाला काहीतरी सांगून पुन्हा फोनवर आली. "हे बघ, खेळवायचं तर खेळव. बसवायचं तर बसव. पण तिला विचारू नकोस, तुला काय हवंय म्हणून. तुला बरं वाटेल तेच सांगेल ती. घरात तरी दुसरं काय करते?"

"तू आधी का नाही बोललीस?"

"तुमचा फुटबॉल. मी कशाला मधे पडू? ठेवते, गर्दी आहे."

तो लादीपुढे पुन्हा बसला. आता प्रश्न साधा करायचा, त्याने ठरवलं. मुलगी वगैरे बाजूला ठेवायचं. मागे मधे खेळायला तीन जणी आहेत, त्यांतल्या दोघी निवडायच्या. लांबुडकी: डोक्याने उत्तम, वळायला वेळ लावते, उजव्या पायावर बॉल आला की घाबरत नाही, डाव्यावर आला की आकाशात मारते. थोरली जुळी: वेग भरपूर, अंदाज कमी, चुकली की आपली जुळी बहीण कुठे दिसते का ते शोधते. धाकटी: आणि इथे तो अडकला. धाकटी डाव्या पायाने मारते की उजव्या? तो आठवू लागला. समोरची मुलगी अंगावर आली की ही मागे सरते की पुढे होते? हरली की चिडते का? त्याला प्रत्येक मुलीचं सगळं पाठ होतं. कोण चुकल्यावर आईकडे बघते, कोण मुद्दाम लंगडते. धाकटीचं त्याला काय माहीत होतं? तिला दुधावरची साय चालत नाही. ताप आला की ती बडबडते. भूगोलात कमी मार्क पडतात. ती कशी खेळते हे त्याला माहीत नव्हतं, कारण त्याने ते कधी घडूच दिलं नव्हतं. ती बऱ्यापैकी असेल. अगदीच कच्ची असेल. काहीही असेल. दोन वर्षं डोळ्यांसमोर असलेल्या पोरीबद्दल हे असं. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग एक विचित्र उत्सुकताही वाटली, आणि त्या उत्सुकतेची भीती. त्याने कडेला ठेवलेली दाढ उचलून चारांच्या मधे, लांबुडकीच्या शेजारी ठेवली. हे बरोबर आहे की नाही हे त्याला सांगता आलं नसतं. थोरली जुळी चांगली होती, कदाचित जास्तच चांगली. एका अर्थी हे पुन्हा पाठीशी घालणंच झालं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. मग समोरच्या साच्यावरचं मेण थंड होऊन तडकायला लागलं तेव्हा तो कामाला लागला.

संध्याकाळी सरावाच्या शेवटी सगळ्या गवतावर बसल्या असताना त्याने सांगून टाकलं. मागे चार. मधे तीन. पुढे तीन. मग भिंगरी म्हणाली, "म्हणजे मला बॉल मिळणार?" आणि सगळ्या हसल्या. थोरली जुळी दुसऱ्या हाफात मधल्या तिघींत येईल, मागे मधोमध लांबुडकी आणि धाकटी, असं म्हणताना त्याने नजर हातातल्या शिट्टीवर ठेवली. वर पाहिलं तेव्हा खिडकी त्याच्याकडे रोखून बघत होती आणि धाकटी गवताची काडी तोडत होती. "कळलं ना?" त्याने सगळ्यांना म्हणून विचारलं. "कळलं सर," सगळ्या म्हणाल्या. त्यात तिचा आवाज होता की नव्हता, त्याला ऐकू आलं नाही. खिडकी आज त्यांच्या गाडीत बसली नाही. धाकटीने एवढंच विचारलं, "मी डावीकडे की उजवीकडे?"

"डावीकडे."

"बरं," ती म्हणाली.

मॅचच्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ होतं, वारा नव्हता, बोलायला निमित्त म्हणून काहीच नव्हतं. पहिली दहाएक मिनिटं त्याने मॅच पाहिलीच नाही. तो धाकटीला बघत होता. आणि जे दिसत होतं त्यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. ती बोलत होती. सतत. "मागे ये! मागे! अगं झोपलीस का?" लांबुडकीला, बाजूच्यांना, खिडकीला. घरी ज्या मुलीला मीठ हवं असलं तरी ती उठून स्वतः घ्यायची, तिचा हा आवाज त्याने कधी ऐकलेला नव्हता. समोरच्या संघाची पुढची मुलगी चांगली दणकट होती. धाकटी तिच्या मागे चिकटून उभी राहायची आणि रेफरीची पाठ वळली की शर्ट धरायची. चक्क धरायची. बॉल आला की सोडून द्यायची आणि दोन्ही हात वर करून साळसूद चेहरा करायची. एकदा तिने त्या मुलीच्या पायावर पाय दिला आणि लगेच "सॉरी, सॉरी" म्हणत तिची पाठ थोपटली. तो बघतच राहिला. ही लबाडी ती कुठे शिकली? त्याच्याकडे नक्कीच नाही. आईकडे असेल, त्याने मनात म्हटलं आणि त्याला हसू आलं.

चुकली नाही असं नाही. एकदा ती नको तिथे पुढे गेली, दणकट मुलगी तिच्या बगलेतून निसटली आणि बॉल खांबाला आपटून बाहेर आला. आता शर्ट वर जाणार, तो वाट बघत होता. धाकटी वळली आणि लांबुडकीवर खेकसली, "तू कुठे होतीस?" लांबुडकीचा यात काडीचा दोष नव्हता. पण तीही बिचारी "सॉरी" म्हणून मोकळी झाली. दुसऱ्या हाफात भिंगरीने गोल केला. डावीकडून आलेला बॉल नुसता पाय लावून आत ढकलला आणि मग काय करायचं ते न सुचून ती कोपऱ्यातल्या निशाणापर्यंत धावत गेली. आया ओरडल्या. तोही ओरडला, बहुतेक. एक-शून्य. आता एवढं टिकवायचं.

शेवट जवळ आला तशी समोरच्या पोरी अंगावर यायला लागल्या. थोरली जुळी पुढे अडकली होती, मधलं मैदान रिकामं पडलं होतं, आणि त्या रिकाम्या जागेतून तीच दणकट मुलगी बॉल घेऊन सुटली. पुढे फक्त खिडकी. धाकटी मागून धावत होती; पोचणार नव्हती, हे त्याला कडेवरून दिसत होतं, तिलाही दिसलं असणार. तिने हात लांब केला, शर्टाची मूठ धरली आणि स्वतःला मागे झोकून दिलं. दोघी गवतात लोळल्या. त्यात कसलीच लपवाछपवी नव्हती, सगळ्या मैदानाने पाहिलं. रेफरी धावत आला आणि त्याने सरळ लाल कार्ड काढलं. धाकटीने वाद घातला नाही. दणकट मुलीला हात देऊन उठवलं, गुडघ्यावरचं गवत झटकलं आणि ती बाहेर चालत आली. आयांनी कसलासा आवाज काढला असेल तर तो त्याच्यापर्यंत पोचला नाही.

ती येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. धापा टाकत होती. घामाने केस कपाळाला चिकटले होते. प्रशिक्षक म्हणून त्याने तिला झापायला हवं होतं. असं मागून ओढणं म्हणजे समोरच्या पोरीचा हात मोडला असता. ते त्याला कळत होतं. पण त्याला इतका अभिमान वाटत होता की तोंड उघडलं तर भलतंच काहीतरी निघेल, अशी त्याला भीती वाटली.

"गोल झाला असता," ती म्हणाली.

"हो."

मैदानात दहाच जणी उरल्या होत्या. फ्री किक गोलच्या तोंडाशी होती. मागे तिघी, त्यातही एक टोक उघडं. लांबुडकी दोन्ही हात पसरून त्याच्याकडे बघत होती: काय करू? आता भिंगरीला मागे बोलवायचं, पुढच्या सगळ्यांनाच मागे बोलवायचं, गोलसमोर भिंत करायची आणि शिट्टीची वाट बघायची. हे त्याला झोपेतही आलं असतं. त्याचा हात वर गेलाही. मग तो तसाच राहिला.

"कुणाला मागे आणू?" त्याने तिला विचारलं.

हा प्रश्न आपण तिला विचारतोय हे त्याचं त्यालाच उशिरा कळलं. बायको म्हणाली होती तसं त्याला बरं वाटेल तेच सांगायचं असतं, तर 'सगळ्यांना' म्हणणं आत्ता तिला सोपं होतं. धाकटीने मैदानाकडे पाहिलं, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, जरा विचार केला.

"कुणालाच नको," ती म्हणाली. "भिंगरी पुढेच राहू दे. तिच्या धाकाने त्यांच्या दोघी मागे थांबल्यात. ती मागे आली तर त्यासुद्धा इकडे येतील."

"आणि गोल झाला तर?"

"तर झाला, बाबा."

त्याने हात खाली घेतला आणि लांबुडकीला मानेनेच सांगितलं, आहे तसंच. लांबुडकीचा विश्वास बसला नाही. तिने पुन्हा हात पसरले. त्याने पुन्हा मान हलवली. समोरच्या मुलीने बॉल गवतावर ठेवला, फिरवून पुन्हा ठेवला, चार पावलं मागे गेली. खिडकी गोलात इकडून तिकडे सरकत होती आणि काहीतरी ओरडत होती. त्याला ऐकू येत नव्हतं. तो धाकटीच्या कानामागे चिकटलेल्या मातीकडे बघत होता, तिच्या कोपरावरच्या ताज्या ओरखड्याकडे, तिने ओठ कसे आत ओढून घेतले होते त्याकडे. जणू शाळा सुटल्यावर फाटकातून बाहेर आलेली दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी आपल्या शेजारी येऊन उभी राहिली आहे आणि ती कोण, कुठे राहते, हे आता विचारायला हवं.

रेफरीने शिट्टी तोंडाला लावली.

"माझ्याकडे काय बघतोस?" धाकटी वैतागून म्हणाली. "मॅच बघ ना."